नेटकडे जाताना

टेनिसच्या नव्या चेंडूंचा डबा उघडला की रबराचा कोंदलेला वास नाकात शिरतो. आज सकाळी वसईच्या कोर्टावर तो आला आणि मला माझी जुनी डबल्सची जोडीदारीण आठवली. जवळच्या गिरीज गावातल्या वाडीतली, शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. सगळे तिला टीचर म्हणत, मीही. नेटजवळ ती असायची, मी मागे बेसलाइनवर. माझी पन्नाशी उलटली तरी वाटणी तीच होती.

मग एका हिवाळ्यात तिच्या हातून सोपे चेंडू निसटू लागले. काचबिंदूनं तिच्या नजरेच्या कडा खाल्ल्या होत्या, आणि नेटवरचा चेंडू शोधायला वेळ देत नाही.

"यंदाची स्पर्धा माझी शेवटची," ती म्हणाली. "आता पुढे तू जायचंस."

"मला भीती वाटते, टीचर."

"मलाही वाटायची. चेंडू आखूड, नेटच्या जवळ पडला की निघ."

मी निघायची, पण चेंडू जीव खाऊन मारायची आणि तो कुठे पडतो ते बघत तिथेच उभी राहायची. तिनं ती खोड हळूहळू मोडली. रॅकेट फार मागे न्यायची नाही, चेंडू शरीराच्या पुढे गाठायचा, पाय चालते ठेवायचे. चेंडू सरळ, खोलवर, पलीकडच्या बेसलाइनजवळ टाकून पुढे सरकायचं, आणि समोरची मारायला लागली की क्षणभर थबकायचं. "याच फटक्यानं पॉइंट संपवायची घाई नको," ती म्हणायची. केळीच्या बागांकडून दमट वारा येई आणि आम्ही तेच ते पुन्हा घोटत राहू.

स्पर्धेत आम्ही पहिलाच सामना हरलो. पण शेवटाकडे एक आखूड चेंडू आला. मी तो खोलवर टाकला, पुढे गेले, थबकले आणि परत आलेला चेंडू मोकळ्या कोपऱ्यात अलगद ठेवला. टाळ्या पडल्या. मागून टीचरनं हळूच विचारलं, "कुठे पडला गं?"

तिला किती कमी दिसत होतं, ते मला तेव्हा कळलं.

"डाव्या कोपऱ्यात. रेषेच्या आत."

"छान," ती म्हणाली आणि सर्व्हिस घ्यायला आपल्या जागी गेली.

त्यानंतर ती खेळली नाही. माझ्या नव्या जोडीदारणीला वाटतं, मी पहिल्यापासून नेटवरच खेळत आले. कुणाची जागा पुष्कळ दिवस सांभाळली की बघणाऱ्याला ती आपलीच वाटू लागते. आपल्याला मात्र तिथे उभं राहताना, थोडं बाजूला सरकून उभं राहावंसं वाटतं.