परत घेतलेले आभार

वाचकांनी कृपया उठून उभे राहावे. टोपी असल्यास काढावी. जगात फार थोड्या लोकांनी केलेली एक गोष्ट मी आज अत्यंत गांभीर्याने जाहीर करीत आहे: कर्जतजवळच्या दहिवलीत आमच्या चिमुकल्या ख्रिस्ती मंडळीने एकदा देवाचे मानलेले आभार परत घेतले. चोरून नव्हे, भर उपासनेत. पेटी मी वाजवत होतो, त्यामुळे साक्षीदार पक्का आहे. आता बसा.

गोष्ट साठीच्या दशकातली. मी बावीस वर्षांचा होतो. आमची मंडळी म्हणजे दहाबारा घरं, एक पेटी, दोन ढोलक्या आणि तारणाबद्दल अपार खात्री. आमचे पाळकसाहेब उत्तम बोलत. त्यांचा आवडता दाखला असा, की ही पृथ्वी म्हणजे कर्जत स्टेशनची वेटिंग रूम. "वेटिंग रूमला कोण रंग देतं? कोण तिथं खिडक्या बसवतं? आपली गाडी आली की आपण निघणार." हे सांगताना ते खरोखरच घाटाच्या दिशेने बघत, आणि पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या पदर सावरून बसत.

वेटिंग रूमवर विश्वास असला तरी आम्हाला प्रार्थनेसाठी खोली हवीच होती. भिंती झाल्या होत्या, उपासना त्यांच्यातच उघड्यावर चालायची, पण छपराला आढं नव्हतं. सबंध लांबीचं एकसंध लाकूड हवं, असा माझ्या वडिलांचा हट्ट. ते मंडळीचे पंच, आणि हाडाचे सुतार. भिंतींच्या टोकांना आढ्यासाठी खाचा त्यांनी आधीच पाडून ठेवल्या होत्या.

आमच्यात एक पद्धत होती. जे मागायचं ते मिळालंच असं समजून आधी आभार मानायचे; मिळाल्यावर मानले तर त्यात विश्वास कसला? कुंभिवलीकडच्या एका लाकडाच्या ठेकेदाराने पाळकसाहेबांना आढं फुकट देऊ केलं, आणि त्याच रविवारी आम्ही सगळ्यांनी उभं राहून आभार मानले. मी दोन गाणी वाजवली. वडिलांनी डोळे पुसले. लाकूड अजून झाडावरच होतं, म्हणजे झाडच होतं, ही बारीकसारीक बाब कुणाला सुचली नाही.

पुढच्या रविवारी शेवटच्या चटईवर एक ठाकर बाई येऊन बसली. डोंगराच्या पायथ्याच्या वाडीवरची, साठीची. पाळकसाहेबांकडून ती डोळ्यांत घालायचं औषध नेत असे, औषधाबरोबर वेटिंग रूमचा दाखलाही ऐकून जात असे, पण उपासनेला कधी येत नसे. साक्ष देण्याची वेळ आली. आमच्यात साक्ष द्यायला कुणीही उठावं, आणि उठलेल्याला अडवायचं नाही, हा नियम. ती उठली.

"पाद्रीबाबा, आमच्या झऱ्यावरल्या ऐनाला ठेकेदारानं चुन्याची फुली मारलीय. म्हंतो, तुमच्या देवाच्या घराला लागतोय."

पाळकसाहेब म्हणाले, "मावशी, झाडं पुष्कळ आहेत."

"झऱ्यावर एकच हाय. आमची माणसं त्येला कुऱ्हाड लावीनात, म्हून त्येनं तुमचं नाव घातलं. तुमच्या नावाला आमी नाय म्हनत नाय."

वडील जरा चढ्या आवाजात म्हणाले, "एका झाडानं झरा आटतो होय गं?"

"शेजारच्या वाडीचा आटला. तितं बाया नरोटीनं एक एक घोट खरवडत्यात." मग ती पाळकसाहेबांकडे वळली. "तुमी म्हंता गाडी येनार हाय. कवा येनार?"

"ते कुणालाच ठाऊक नाही."

"मंग तवर पानी कुठलं प्यायचं?"

ती खाली बसली. मी गाणं सुरू करायचं होतं. मी पेटीचं झाकण लावलं. पाळकसाहेबांनी त्या दिवशी प्रवचन दिलं नाही, आणि उपासना प्रथमच वेळेवर सुटली.

सोमवारी ते चालत वाडीवर गेले. सोबत मी आणि वडील. वडिलांनी मोजायची पट्टी घेतली होती. ऐन सुरेख होता, सरळसोट. वडिलांनी त्याला हात लावून पाहिला आणि पट्टी खिशातच ठेवली. बुंध्यावरची फुली मात्र अगदी क्रूसासारखी दिसत होती. तिच्याखाली मुळांतून पाणी येत होतं आणि दोन बाया भरलेले हंडे उचलत होत्या. पाळकसाहेबांनी रुमाल ओला केला आणि चुना पुसायला लागले. चुना निघेना, तेव्हा वडिलांनी खिशातून पॉलिशपेपर काढून दिला.

पुढचं आधीच सांगून टाकतो. पाळकसाहेबांनी नाव काढून घेतल्यावर ठेकेदाराला कुऱ्हाड धरायला माणूस मिळाला नाही. अर्ज फक्त वर करायचा असतो असं सांगणारे आमचे पाळकसाहेब वाडीकरांबरोबर खालापूरच्या कचेरीत अर्ज घेऊन जाऊ लागले, कधी झऱ्यासाठी, कधी मजुरीसाठी. मंडळीतल्या काहींना साहेब वाया गेले असं वाटलं. प्रार्थनेची खोली दोन वर्षं बांबू आणि पेंढ्यावर निभावली, आणि वेटिंग रूमचा दाखला आम्ही पुन्हा ऐकला नाही.

पण त्या आठवड्यात खरा पेच वेगळाच होता. आभार तर मानून झाले होते. ते तसेच ठेवले तर झाड देवाकडे जमा. परत घेतले तर विश्वासाचं काय? पंचांची बैठक झाली, चहा दोनदा झाला.

रविवारी पाळकसाहेब उभे राहिले, डोळे मिटले आणि सरळ म्हणाले, "हे प्रभू, आढ्याबद्दल आम्ही मागे जे आभार मानले, ते आम्ही परत घेतो. ते झाड तू आम्हाला दिलंच नव्हतंस. ते तू वाडीला दिलं होतंस. आम्ही न विचारता हात पुढे केला. आमेन."

आमेनला आमच्यात आमेन मिळतंच. त्या दिवशी मिळेना. कोण म्हणणार? सगळे एक डोळा उघडून वडिलांकडे बघत होते, आणि शेवटच्या चटईवरून ती बाईही बघत होती. वडिलांनी आधी भिंतीतल्या रिकाम्या खाचेकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि प्रार्थनेतच बोलून गेले, "आमेन. पण पाळकसाहेब, यापुढं वस्तू दारात आल्याबिगर आभार मानायचे नाहीत."