जाईबाईचा खांदा

ढोकीजवळच्या त्या गावात कुणाची कंबर धरली की माणूस दोन दारांपैकी एका दारात जायचा. एक दार जाईबाईचं, दुसरं तिच्या धाकट्या जावेचं, हरणाबाईचं. मधे भिंत एकच. जाईबाई निरगुडीचा पाला उकळून त्याच्या गरम पुरचुंडीनं शेकायची. हरणाबाई रुईच्या पानाला करडीचं तेल लावून, तव्यावर तापवून बांधायची. पैसा कुणीच घेत नसे. पण एकीकडे गेलेला माणूस दुसरीच्या दारावरून मान खाली घालून जायचा.

ह्या वैराला कारण सासूबाईंचे गुडघे. बहात्तरच्या दुष्काळात ओढा कोरडाठाक पडला, तरी निरगुडी आणि रुई तेवढी हिरवी होती. म्हाताऱ्या मुक्ताबाईंचा डावा गुडघा थोरलीनं निरगुडीनं शेकला, उजव्याला धाकटीनं रुई बांधली. म्हातारी तरातरा चालायला लागली आणि घरात भांडण पेटलं. जाईबाई म्हणे, डाव्या पायानंच उजव्याचा भार घेतला, गुण निरगुडीचा. हरणाबाईचं नेमकं उलटं. म्हातारीला विचारावं तर ती म्हणायची, "मला काय म्हाईत? दोनी पाय एकदमच निघाले!"

निकाल न देताच ती गेली आणि जावांचं बोलणं बंद पडलं. सांगण्यासारखं काही असलंच तर जाईबाई म्हशीला सांगायची, "आडाचं पाणी खाली गेलंय गं बये." पलीकडून हरणाबाई शेळीला म्हणायची, "ऐकलं म्हणावं." गावाची करमणूक व्हायची. जाईबाईला मात्र घास गोड लागत नसे. हरणी लग्न होऊन आली तेव्हा पोरसवदा होती, तिची वेणी रोज जाईबाईच घालायची.

पुढं पाणी आलं, रानात ऊस उभा राहिला, जाईबाईच्या नवऱ्याची, ज्ञानोबाची बैलगाडी कारखान्याच्या वाटेला लागली. पण दुष्काळी कामावर खडीच्या पाट्या उचलून अधू झालेला जाईबाईचा उजवा खांदा काही सुधारला नाही. एका थंडीत तो पार आखडला. भाकरी थापता येईना, केसाला हात जाईना. स्वतःचं औषध स्वतःच्या हातानं लागू पडत नाही, असं तीच सगळ्यांना सांगायची. मग ज्ञानोबा शेकायला बसला, तो बैल घासल्यासारखा.

"आवं, खांदा हाय माझा, वशिंड न्हाय!"

"मग धाकटीला बलवू का?"

"मेले तरी रुई बांधून घ्यायची न्हाय."

बोलली खरी, पण आपला हात आता जन्माचा गेला, ह्या धास्तीनं ती आतून पार घाबरली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी हरणाबाई सरळ घरात आली. म्हैस चरायला गेलेली, तेव्हा समोरासमोर बोलणं आलंच. तिच्या ओच्यात पाला होता. जाईबाईनं पाहिलं, तो निरगुडीचा होता.

"रुई कुठंय तुझी?"

"आक्का, तुमाला रुई चालत न्हाय. म्हून ओढ्याला जाऊन आले."

जाईबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "धूर लई झालाय," ती म्हणाली. चूल तर अजून पेटायची होती.

हरणाबाईचा हात असा काही हलका चालला की जाईबाईनं मनोमन कान पकडले. गावाला शेकता शेकता आपण फुकटचा तोरा मिरवला, खरा हातगुण हिचा.

"उद्या रुईबी आण. शेकल्यावर वरून बांध."

"आन् गाव काय म्हणंल?"

"गाव गेलं खड्ड्यात!"

मग रोज शेक, रोज पट्टी, आणि त्याहून जास्त गप्पा. साठलेल्या इतक्या वर्षांच्या गप्पा होत्या, त्या काही पाल्यासारख्या उकळून आटत नव्हत्या. हळूहळू हात वर जायला लागला. एका दुपारी जाईबाईनं टाचा उंचावून वरच्या फळीवरची लोणच्याची बरणी त्याच हातानं खाली घेतली आणि वळून पाहते तर दारात हरणाबाई.

"बरा झाला की खांदा," हरणाबाई म्हणाली. तिचा चेहरा एवढासा झाला. "मग मी जाते, आक्का."

ती उंबऱ्याकडे वळलीसुद्धा. जाईबाईनं घाईघाईनं बरणी ठेवली, खांदा धरला आणि मटकन खाली बसली.

"आई आई गं!"

"काय झालं? लई दुखायलंय का?"

"लई! जन्माचं दुखणं हाय हे, हरणे. तुला रोज यावं लागंल."

हरणाबाईनं एकदा बरणीकडं पाहिलं, एकदा जावेकडं. मग हसू पदरात दाबत ती चुलीपुढं बसली आणि पाण्याचं भांडं चढवलं.