भोंगा उतरताना

व्हर्नाबाई गाडी लांब उभी करायच्या. इंजिन गार होताना टिकटिकतं म्हणून. किल्ल्या गाडीतच. जाकीट सळसळतं, म्हणून तेही गाडीत, भर थंडीतसुद्धा. खिशात सॉसेजचे तुकडे, भुंकणाऱ्या कुत्र्यांसाठी. भोंग्याचा आवाज सुरू झाला की डोळे मिटायचे आणि तोंड किंचित उघडं ठेवायचं. नाकाने घेतलेला श्वास मायक्रोफोनला ऐकू जातो म्हणे.

कॅन्ससमधल्या आमच्या गावात त्या स्कूलबस चालवायच्या. मलाही त्यांनीच शाळेत पोचवलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच छंद धरला: चक्रीवादळाचा इशारा देणाऱ्या भोंग्यांची चाचणी रेकॉर्ड करायची. महिन्याच्या पहिल्या बुधवारी, दुपारी बाराला. आसपासच्या गावांतल्या भोंग्यांचे आवाज त्यांच्याकडे होते. राहिला होता आमचाच, धान्याच्या कोठाराजवळचा, खांबावर गोल फिरणारा जुना पिवळा. तो चढायचा छान. पण बंद केल्यावर त्याचा आवाज हळूहळू खाली येत विझतो, तो शेवट त्यांना कधी स्वच्छ मिळाला नव्हता. कधी मालगाडी मध्ये यायची, कधी ट्रक.

"चढताना काय, सगळेच ओरडतात रे," त्या म्हणायच्या. "उतरताना ऐकावं त्याला."

मी साहित्य शिकून आलेलो. मनात हसलो होतो.

मे महिन्यातल्या पहिल्या बुधवारी मीही गेलो. शेवटची संधी होती. शुक्रवारी क्रेन लावून तो काढणार होते; त्या जागी नवा, स्पीकरवाला.

समोरच्या डायनरच्या, म्हणजे छोट्या खानावळीच्या, दारातून तिथला रोजचा गिऱ्हाईक रॉस्को ओरडला, "काय व्हर्ना, आज तरी पिवळ्या नवरदेवाने शब्द दिलाय का?"

"दिलाय! तू तोंड मिटलंस तर ऐकू येईल."

आभाळ हिरवट काळं होत चाललं होतं. व्हर्नाबाईंनी रेकॉर्डर सुरू केला आणि त्यांचा फोन वाजला. नगर कार्यालयातली मुलगी होती. असं आभाळ असताना चाचणी घेत नाहीत, लोक उगाच घाबरतात. रद्द. व्हर्नाबाईंनी फोन खिशात टाकला. रेकॉर्डर बंद करायला वाकल्या.

तेवढ्यात भोंगा सुरू झाला.

आधी तो पायांतून आला. मग छातीत. इतक्या जवळून मी तो कधी ऐकला नव्हता. त्याचं तोंड आमच्याकडे वळलं की हवा घट्ट व्हायची, पलीकडे वळलं की अख्खा गवताळ प्रदेश तो आवाज परत द्यायचा. वाचलेल्या एकाही पानावर त्याच्यासाठी शब्द नव्हता. मला हलताच येईना.

डायनरमध्येही कुणी हललं नाही. बुधवार, दुपारचे बारा, आणि व्हर्ना मायक्रोफोन घेऊन खांबाखाली उभी. म्हणजे चाचणीच. रॉस्कोने काचेतून कॉफीचा मग उंचावून दाखवला.

व्हर्नाबाईंना ते माझ्याआधी उमगलं. आपण इथे उभ्या आहोत, म्हणून ते तिथे बसलेत. त्यांनी मायक्रोफोन टाकला. केबल पायात अडकून उपटली गेली. सत्तरी उलटलेली ती बाई रस्ता ओलांडून धावली.

"तळघरात चला! खरं आहे हे! उठा रे गाढवांनो!"

"अगं, पण तू तर—"

"मीपण येतेय खाली! ठेव तो मग!"

आम्ही सगळे खाली उतरलो. वर वादळाने डायनरचं छप्पर उडवून नेलं. आत कुणी नव्हतं.

शुक्रवारी क्रेन आली. रेकॉर्डिंग त्यांनी मला एकदाच ऐकवलं. आवाज जमिनीतून उगवतो, चढतो, चढतच जातो. मग खट्.

"पुढे?" मी विचारलं.

"पुढे आपण तळघरात होतो ना."

नवा भोंगा एकदम बंद होतो. जुन्याचं उतरणं त्यांच्याकडून राहिलं ते राहिलंच.