खिडकी मोठी केल्यावर

मानोऱ्याजवळच्या तांड्यावर रीता राठोड आणि तिचा मावसभाऊ नवीन एकाच घरात वाढले. दोघांचेही आईबाप ऊसतोडीला गेले की मागे हीच दोघं एकमेकांना. शाळेत रीताला कुणी चिडवलं, तर नवीन मधे पडायचा. घरातलं कुठलंही गुपित ती आधी त्याला सांगायची.

पुढे रीता कॉम्प्युटर शिकली. तिची आई रामीबाई कापडावर टाक्यांची नक्षी भरायची. ती नक्षी आधी पडद्यावर, एकेका चौकोनात रंग भरून बघता यावी, असा प्रोग्राम रीताने लिहायला घेतला. पडद्याला बोट लावून चालणारा लॅपटॉप नवीनचा होता, म्हणून ती ‘आमचं काम’ म्हणायची.

प्रोग्राम चालला, पण पडद्यावरची त्याची खिडकी लहान होती. रामीबाईला नीट दिसेना, म्हणून रीताने ती ओढून मोठी केली. नक्षी आडवी ताणली गेली, आणि आईने एका चौकोनावर बोट टेकवलं तर रंग भलत्याच चौकोनात उमटला.

“मी इथं ठेवलं, हे तिथं काहून गेलं?” रामीबाई म्हणाली.

रीता ती चूक शोधायच्या मागे लागली. चित्र वाढलं होतं, पण बोटाची जागा प्रोग्राम जुन्याच मापाने मोजत होता. शेवटी तिने चौकोनांच्या मूळ तक्त्याचं माप कायम ठेवलं. खिडकी रुंदीत किती पट झाली आणि उंचीत किती, हे काढून त्यातल्या लहान पटीने सगळं चित्र वाढवलं. उरलेली जागा दोन्ही बाजूंना सारखी सोडली. बोट टेकलं की आधी ती सोडलेली जागा वजा करायची, मग त्याच पटीने भागायचं, म्हणजे बरोबर मूळ चौकोन सापडतो. नवीनला कळेपर्यंत तिने त्याला हे समजावून सांगितलं.

वाशीमला एका संस्थेने नव्या कामांचं प्रदर्शन भरवलं. “मी पुढं जाऊन मांडून ठेवतो, तू मागच्या गाडीनं ये,” नवीन म्हणाला.

ती पोचली तेव्हा तो बोलत होता. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर प्रोग्रामचं पहिलं पान होतं. तिथे तिने स्वतः दोघांची नावं लिहिली होती; आता एकच उरलं होतं, त्याचं. त्याने खिडकी ओढून मोठी केली. नक्षी सुबक वाढली, रंग नेमका बसला. एका बाईंनी विचारलं, हे कसं जमवलं? नवीनने न अडखळता सांगितलं. लहान पट, सोडलेली जागा, भागाकार. शब्दसुद्धा रीताचे होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रीता दारापाशीच उभी राहिली.

बाहेर त्याने तिला गाठलं. “तुले लोकांसमोर बोलता येत नाही. एकच नाव असलं की नोकरीसाठी दाखवता येते. आपलंच तर हाय.”

“मंग माझं ठेवायचं होतं ना,” ती म्हणाली.

घरी आईला सांगितलं, तर रामीबाई सुई थांबवून म्हणाली, “माझ्या बहिणीचं लेकरू हाय तो. कायले वाढवतं? सोडून दे.” नवीनपेक्षा हे रीताला जास्त लागलं. त्या दिवशी ती जेवली नाही, आणि कुणी तिला बोलवायलाही आलं नाही.

नवीनला पुण्यात नोकरी लागली. रीता मानोऱ्यात मुलींना कॉम्प्युटर शिकवते. वर्षभराने त्याचा फोन आला. नव्या लॅपटॉपवर रंग पुन्हा भलत्याच चौकोनात पडत होता.

“खिडकीचं माप तर बरोबर घेऊन राह्यलो. काय होत असन?”

ऐकताऐकताच तिला उमगलं. त्या लॅपटॉपवर अक्षरं मोठी दिसावीत म्हणून सगळंच दीडपट करून ठेवलेलं असणार. चित्र पडद्याच्या खऱ्या ठिपक्यांत काढलं जात होतं आणि बोटाची जागा त्या दीडपटीशिवाय येत होती. एवढा एक गुणाकार राहिला होता.

“मले नाई माहीत, दादा,” ती म्हणाली.

त्याच्याशी ती आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलली होती. फोन ठेवल्यावर तिला हलकं वाटेल असं वाटलं होतं, पण तसं काही झालं नाही.