मस्कतचं बाळ आणि आमची फोनलाइन

आमच्या घरी इंटरनेट आलं त्या दिवशी फोन गेला. म्हणजे बिघडला नाही. दोघांत मिळून तार एकच, त्यामुळे एक बोलत असेल तर दुसऱ्याने गप्प बसायचं. (हा नियम आमच्या घरात माणसांनीही कधी पाळलेला नाही.)

पण गरजच तशी होती. मस्कतला माझ्या ताईला मुलगा झाला होता आणि आईला काही व्हिसा मिळत नव्हता. भावोजींनी फोटो ईमेलने पाठवलाय कळताच आई नवी साडी नेसून कॉम्प्युटरसमोर बसली. राई गावाहून आत्या आली, ती बाळासाठी चांदीचे वाळे घेऊन.

"फोटोला घालणार का?" मी विचारलं.

आत्याने माझ्याकडे दुर्लक्ष केलं आणि पाय दुखतात म्हणून आत पलंगावर जाऊन टेकली.

मी 'कनेक्ट' दाबलं. मोडेम किंचाळला, खरखरला, त्याने शिट्टी मारली आणि सगळं तुटलं! पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. वायर काढून लावली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पासवर्ड अगदी हळुवार टाइप केला (मघाशी त्याला माझ्या बोटांचा राग आला असेल तर!). छे!

शेवटी तक्रार केंद्राला फोन लावला.

"सर, अभी कनेक्ट करके देखिए, मैं लाइन पे हूँ."

"अहो, तुम्ही लाइनवर आहात म्हणूनच ते कनेक्ट होणार नाही!"

"तो फोन रख दीजिए."

"ठेवला तर काय झालं ते तुम्हाला सांगू कसं?"

"फोन करके, सर."

मी फोन आपटला. आई कळवळली, "अरे हळू! त्या तारेतूनच बाळ येतंय ना?"

पुन्हा दाबलं आणि काय आश्चर्य, जोडलं गेलं! फोटो वरून खाली उतरायला लागला. पांढरी भिंत आली. पंख्याचं एक पातं आलं. आई पुढे सरकली... आणि तुटलं!

मी ओरडणार, तेवढ्यात आतून आवाज आला, "हॅलो? बाय, रडू नको गं. कोन हाय तू?"

धावत आत गेलो. पलंगाजवळ त्याच लाइनचा दुसरा फोन होता आणि त्याचा रिसीव्हर आत्याच्या कानाला!

"आत्या, काय करतेस?"

"घरी कळवाया फोन उचलते, तर दर टायमाला ही बाय गळा काढून वरडते. तशीच कशी ठेवू?"

"ती बाई न्हाय, मशीन हाय!" रागाच्या भरात मीही तिच्यासारखंच बोलायला लागलो.

"मशीन हाय तर रडते कशाला?"

मी रिसीव्हर ठेवला आणि आत्याला बाहेर, माझ्या डोळ्यांसमोर खुर्चीत बसवलं.

या वेळी लाइन टिकली. भिंत आली, पंखा आला, मग हळूहळू एक गोल, गुळगुळीत, चकचकीत डोकं उगवलं.

"आलं गं बाई!" आईने हात जोडले. "कपाळ बघ केवढं मोठं!"

"मामावर गेलंय," आत्या म्हणाली. "डिट्टो."

मी सुखावलो. समोरच्या जिग्नेशभाईंना हाक मारून आणलं. तेही म्हणाले, "एकदम मामा!" मी सगळ्यांना पेढे दिले.

तेवढ्यात डोक्याखाली भुवया आल्या. त्याखाली चष्मा आला. मग मिशी आली.

ते भावोजी होते! बाळ अजून खाली, त्यांच्या मांडीवर होतं.

पुष्कळ वेळाने एकदाचं बाळ उतरलं. इवल्या मुठी मिटून गाढ झोपलेलं. डोक्यावर काळंभोर, दाट जावळ. आईने काचेवरूनच त्याच्या गालावर बोट फिरवलं आणि रडायला लागली. आत्याने खरंच वाळे काढून पडद्यावर त्याच्या पायांशी धरले.

वातावरण जरा हलकं करावं म्हणून मी म्हणालो, "आत्या, आता नीट बघून सांग. कोण गेलंय माझ्यावर?"

आत्याने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा माझ्या टकलाकडे.

"जावई," ती म्हणाली.

मी तेव्हा पंचविशीत होतो हो!