नलिनीची दुसरी भाषा

नलिनीविषयी मला फारसे काही माहीत नाही, हे आधीच सांगून टाकतो. तिला कोणती भाजी आवडायची, दिल्लीत ती कुणाशी मन मोकळे करायची, तिने शेवटपर्यंत लग्न का केले नाही, यातले मला काहीच सांगता येणार नाही. मागच्या वर्षी ती गेली. परवा तिचा भाऊ संजू घरी आला आणि म्हणाला, "काका, ताईचे तुम्ही गुरू. चार ओळी लिहून द्या." मी हो म्हटले. 'नाही' हा शब्द माझ्या तोंडून वेळेवर निघत नाही, आणि या हकिकतीचे मूळही तेच आहे.

मी सावंतवाडीकडचा. १९७१ साली सिल्वासाला एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागलो. तिथे पोर्तुगीज अमदानीतले जमिनीचे कागद कपाटे भरभरून पडले होते. साहेबांनी विचारले, "गाव कुठलं?"

"सावंतवाडी."

"म्हणजे गोव्याला लागून. पोर्तुगीज येत असेलच."

मी नुसता हसलो. साहेबांनी तो होकार धरला आणि मला रेकॉर्ड रूममध्ये बसवले. पुढच्या पंधरा वर्षांत मी शिक्क्यावरून आणि ठरावीक चाळीस शब्दांवरून कागद ओळखायला शिकलो. जमीन, विहीर, आंब्याचे झाड, हद्द, वारस, मयत, दंड. या चाळीस शब्दांवर माझा संसार चालला. गावात मात्र मी विद्वान ठरलो होतो.

१९८७च्या जानेवारीत नलिनी माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. तिचे वडील चिंधाभाऊ धुळ्याकडून जवळच्या खडोली गावातल्या सुताच्या कारखान्यात कामाला आलेले. राहायला सिल्वासातल्याच टोकरखाड्यात, भाड्याच्या दोन खोल्यांत. मुलगी हुशार निघाली, दिल्लीला जाऊन स्पॅनिश घेऊन बी.ए. झाली. मग आई, कमळाबाई, आजारी पडल्या म्हणून परत आली आणि खडोलीतच एका ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागली. आता आई बरी होती. नलिनीला एम.ए.साठी परत जायचे होते. विषय स्पॅनिश साहित्य, स्पेनमधले आणि समुद्रापलीकडच्या स्पॅनिश बोलणाऱ्या अमेरिकेतलेही. प्रवेशपरीक्षेत मात्र एक जादा पेपर होता. स्पॅनिशच्या एखाद्या बहीणभाषेतले उतारे वाचून त्यांचा अर्थ लिहायचा. फ्रेंच किंवा पोर्तुगीज.

"फ्रेंच इथे कोण शिकवणार?" ती म्हणाली. "पण पोर्तुगीजला तुम्ही आहात ना, काका. बाबा म्हणाले, एकदाच बसून बघ. जूनमध्ये नंबर नाही लागला, तर शिरपूरचा मुलगा बघून ठेवलाय."

या ठिकाणी कुठलाही शहाणा माणूस खरे बोलला असता. मी म्हणालो, "शनिवारी ये. अर्धा दिवस असतो."

शनिवारी ती छापील उतारे घेऊन यायची. या भाषांच्या मागे कशासाठी लागलीस, असे मी विचारले, तेव्हा म्हणाली, "तिकडच्या कादंबऱ्यांत जमिनीचे कागद फार येतात. गावाची जमीन कुणाची ते पेटीतल्या कागदावर लिहिलेलं असतं, आणि गावात ते वाचणारं कुणी नसतं. मला वाटलं, हे तर आपल्या किलवणी-खडोलीचंच आहे." असे म्हणून तिने माझ्या कपाटांकडे पाहिले. मीही पाहिले.

खरे म्हणजे तिला माझी गरजच नव्हती. स्पॅनिश येत असल्यामुळे ती अंदाजाने बरेच लावायची आणि माझ्याकडे बघायची. मी मान हलवायचो. एवढेच करत राहिलो असतो तरी चालले असते. पण गुरू म्हणवून घेण्याची गोडी वाईट. महिन्याभरात मी तिच्या चुका काढायला लागलो. एका उताऱ्यात कुणी बाई विहिरीपाशी बसून भावाची वाट बघत होती. नलिनीने तसेच लिहिले होते. मला त्यातले विहीर आणि भाऊ हे दोनच शब्द ओळखीचे. मी म्हणालो, "अगं, हा वाटणीचा मामला आहे. विहिरीतला भावाचा हिस्सा."

"पण काका, इथे हिस्सा कुठे लिहिलाय?"

"पोर्तुगीजमध्ये तो धरून चालायचा असतो."

तिने खोडून माझे लिहिले. माझ्या मागे शिपाई झुंबर चहा ओतत होता. तो म्हणाला, "काका, बाई विहिरीत उडी मारणार नाही ना? नाहीतर मयतचा दाखला आपल्यालाच शोधायला लागेल." नलिनी हसली, मीही हसलो. हसण्यासारखे मला काही वाटत नव्हते.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. आमच्या कचेरीमागच्या गल्लीत अनंतबाब राहायचे. पोर्तुगीज काळात ते इथल्या दवाखान्यात कंपाउंडर होते. मूळचे गोव्याचे. ते पोर्तुगीज वाचायचे, लिहायचे, कुत्र्याला शिव्यासुद्धा पोर्तुगीजमध्ये द्यायचे. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. तिला तिकडे पाठवायला दोन मिनिटे लागली असती. पण मग शनिवारी माझ्याकडे कोण आले असते?

जूनमध्ये निकाल लागला. स्पॅनिशमध्ये ती पहिल्या पाचांत होती. दुसऱ्या भाषेत चार मार्कांनी नापास.

ती शनिवारीच आली, पण पिशवीत उतारे नव्हते. म्हणाली, "काका, एक पत्र आलं होतं पेपरात. एका म्हातारीने मुलाला लिहिलेलं. मला ते पहिल्यांदा सरळ कळलं होतं. मग वाटलं, तुम्ही म्हणता तसं काही धरून चालायचं असेल. सगळं खोडलं आणि म्हातारीची शेती मुलाच्या नावावर करून दिली." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते. "दिवाळीनंतर शिरपूर."

तेव्हा मी बोललो. सगळे बोललो, साहेबांपासून अनंतबाबपर्यंत.

"अनंतबाब तुम्हाला आधी माहीत होते?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"हो."

तिने पिशवी खांद्याला अडकवली. मग म्हणाली, "हे मला सांगून काय उपयोग? बाबांना सांगा."

रविवारी मी टोकरखाड्याला गेलो. त्यांच्या दारावरून दोनदा पुढे गेलो. तिसऱ्यांदा कमळाबाईंनीच हाक मारली, "अहो मास्तर, वाट चुकलात का?" आत चिंधाभाऊ खाटेवर बसून दाढी करत होते. मी घरून पाठ करून नेलेली वाक्ये सगळी विसरलो. म्हणालो, "चूक पोरीची नाही. तिने बरोबर लिहिलं होतं. मला पोर्तुगीज येत नाही."

चिंधाभाऊंचा वस्तरा अर्ध्या गालावर थांबला. ते म्हणाले, "मंग पंधरा वरीस सरकार तुमले पगार कसाना देस?"

कमळाबाईंना हसू आवरेना. हसता हसता खोकला लागला, तेव्हा नलिनीने उठून त्यांना पाणी दिले. ती स्वतः हसली नाही. चिंधाभाऊंनी उरलेली दाढी पूर्ण केली, तोंड पुसले आणि मला म्हणाले, "साहेब, दुसरा माणूस आहे ना शिकवायला? खरा?"

"आहे. खरा आहे."

"मग एक वरीस. शिरपूरवाल्यांना मी काय सांगायचं ते सांगतो."

त्यानंतर वर्षभर तिची सायकल अनंतबाबच्या दारात दिसायची. मी घरी जाताना तो रस्ता टाळू लागलो. पुढच्या जूनमध्ये तिचा नंबर लागला. पेढे द्यायला संजू आला होता. ती पुढे शिकतच राहिली. नंतर दिल्लीत तेच साहित्य शिकवायला लागली, असे संजू सांगतो. तिने तिथे काय लिहिले, काय वाचले, मला कळण्यासारखे नव्हते, आणि मी कधी विचारलेही नाही. लोक मात्र अजून मला तिचा गुरू म्हणतात आणि मी अजून नुसता हसतो. काही माणसे सुधारत नाहीत.

तिला मी शेवटचे पाहिले १९९६ साली, सिल्वासाच्या बस स्टँडवर. मी तेव्हा निवृत्तीला आलो होतो. तिच्या केसांत थोडे पांढरे दिसत होते, खांद्यावर जड पिशवी होती. तिचे एक वर्ष माझ्यामुळे गेले, त्याबद्दल बोलावे असे नऊ वर्षे मनात होते. आता बोलायचेच म्हणून मी घसा साफ केला. तेवढ्यात तिने घड्याळाकडे पाहिले.

"काका, वापीची बस किती वाजता आहे?"

"माहीत नाही, बाई. खिडकीवर विचार."

"बरं," ती म्हणाली, आणि पिशवी सावरत खिडकीकडे गेली.