गारगोटीच्या गिरणीखालची थोरली

दोघी जुळ्या. एक घटकाभर आधी जगात आली म्हणून ती थोरली, दुसरी धाकटी; घरीदारी आयुष्यभर हीच नावं चिकटली. लहानपणी त्यांची आईसुद्धा फसायची. एकीच्या खोडीचा धपाटा दुसरीच्या पाठीत बसायचा आणि खरी गुन्हेगार दाराआड तोंड दाबून हसायची.

लग्नानंतर वाटा वेगळ्या झाल्या. धाकटी टेकडीवर गेली, शाळेतल्या एका किडकिडीत कारकुनाच्या घरी. त्याला बारा महिने सर्दी. थोरलीला टेकडीखालच्या वस्तीतलं स्थळ मिळालं: रुंद खांद्यांचा, हसतमुख, गारगोटीच्या गिरणीत कायम नोकरीला. "नशीब काढलंस बाई," धाकटी म्हणाली होती, आणि अगदी मनापासून म्हणाली होती.

गिरणीत गारगोटी दळून काचेच्या कारखान्यासाठी मैद्यासारखी पूड करायचे. ती पूड सगळ्या वस्तीवर उतरायची. पत्र्यांवर, दोरीवरच्या कपड्यांवर, झाकण राहिलं तर पाण्यातही. थोरलीने सकाळी घासलेली भांडी दुपारी पुन्हा विसळावी लागत. नवरा कामावरून यायचा तो भुवयांसकट पांढरा. "आलं माझं भूत," म्हणत ती दारातच त्याच्यावर तांब्याने पाणी ओतायची, आणि तोही हात उंचावून तिच्या मागे लागायचा. शेजारणी हसून हसून लोटपोट व्हायच्या.

पहिली मुलगी रांगायला लागली आणि हगवणीने गेली. वस्तीचा नळ गटाराला खेटून होता. त्या उन्हाळ्यात खाली बरीच पोरं दगावली. जुलाब टेकडीवर धाकटीच्या मुलालाही झाले होते. पण त्याला वेळेवर सलाईन लागलं, आणि आठवडा संपायच्या आत तो घरभर धुडगूस घालत होता. थोरली त्याला बघायला गेली. त्याला उराशी धरल्यावर तिला पहिल्यांदा रडू फुटलं.

मग मुलगा झाला. तो जगला, वाढला, आणि बापाला खोकला लागला.

दवाखान्यात क्षय म्हणाले, गोळ्या दिल्या. थोरली रोज समोर बसून त्या गिळायला लावायची. तरी तो वाळत चालला. जिना चढताना थांबायचा, मग चालताना, मग नुसतं बोलतानाही. "तू मागच्या मागे थुंकून टाकतोस गोळ्या," असं एकदा ती त्याच्यावर ओरडली. त्याने नुसती मान हलवली. भांडायला त्याच्याकडे श्वास नव्हता. मिशी पिकायच्या आत तो गेला. गिरणीने त्याच्या जागी तिला घेतलं, पोती भरायला. ती नाकाला फडकं बांधून उभी राहिली. पोराला वाढवायचं होतं, दुसरं कोण काम देणार?

मोठा होऊन पोरगाही तिथेच चिकटला. सून आली, नात झाली. आणि मग थोरलीही खोकू लागली.

धाकटीच तिला शहरातल्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेली. दारातली आया धाकटीला म्हणाली, "ताई, आईंना तिकडे बाकावर बसवा."

"ऐकलंस का गं पोरी?" थोरली म्हणाली. "आण जरा पाणी आईला." आणि हसता हसता तिला अशी ढास लागली की बाकाची कड धरावी लागली. धाकटीला हसू आलं नाही.

डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला. "राहता कुठे?"

थोरलीने वस्तीचं नाव सांगितलं. त्यांनी पुढचं काही विचारलंच नाही. "हा क्षय नाही. ही दगडाची पूड आहे. छातीत बसलेली ही पूड आता निघायची नाही."

"मग आमच्या ह्यांना काय होतं?"

"बघितल्याशिवाय कसं सांगू? पण बहुतेक हेच."

परतीच्या वाटेवर ती एवढंच म्हणाली, "मी उगाच ओरडले गं त्याच्यावर."

धाकटीने तिला थोडे दिवस टेकडीवर ठेवून घेतलं. सोबत नातही होती. धाकटीचा कारकून गॅलरीत खुर्चीवर पेंगत होता. सर्दी अजून तशीच होती, डोकं पांढरंशुभ्र, हातात काठी. नात त्याच्याकडे बघतच राहिली.

"आजी, यांना काय झालंय?"

"काही नाही गं. म्हातारे झालेत."

"माणसं पण होतात म्हातारी?"

थोरलीला आधी कळेचना. मग ध्यानात आलं. खालच्या वस्तीत म्हाताऱ्या होत्या, पण एकही म्हातारा नव्हता. या पोरीने आजोबा बघितला तो भिंतीवरच्या फोटोत, काळ्याभोर मिशांचा.

टेकडीवर तिला जरा बरी झोप लागत होती, तरी ती दुसऱ्या दिवशी खाली आली. मुलाला समोर बसवलं.

"सोड ती गिरणी."

"आणि खायचं काय? हवा?"

"तीच तर खातोयस तिथे!"

मुलगा उठून बाहेर गेला. तो चिडला नव्हता. चूल सारवता सारवता सून मान वर न करता म्हणाली, "आई, हिला तरी मावशींकडे ठेवू या. शाळाही तिकडचीच होईल."

थोरलीला बोलायचं होतं की पोर आईवेगळी राहील कशी. पण नातीचे कपडे तिनेच झटकले, एकेक, दाराबाहेर उभं राहून, आणि पिशवीत भरले.

पुढचा हिवाळा तिने भिंतीला टेकून बसून काढला. आडवं झालं की जीव गुदमरायचा. धाकटी येऊन केस विंचरून द्यायची. एका संध्याकाळी मुलगा कामावरून आला आणि बाहेर मोरीपाशी बराच वेळ खोकत राहिला. तो खोकला तिच्या ओळखीचा होता. तो घरात आल्यावर तिने त्याचा हात धरला.

"उद्या जाऊ नकोस."

"बरं," तो म्हणाला.

सकाळी भोंगा झाला तसा तो गेला. तिने डोळे मिटून घेतले होते, त्याला अवघड वाटू नये म्हणून.

थंडी ओसरायच्या आत ती गेली. धाकटी अजून खुटखुटीत आहे. रोज नातीला शाळेत सोडून येते. सून सुट्टीच्या दिवशी टेकडी चढून लेकीला भेटते. पोरगी आता वीतभर वाढली आहे, धावते, दमत नाही. तिला परत खाली आणायचा विषय घरात अजून कुणी काढलेला नाही.